विमा कीं गंगाजळी ?

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र लांब आहे, परंतु त्यांतील प्रश्न एका ओळीचा आहे. त्यांच्या नऊ वर्षांच्या कन्येनें गिनीपिग जातीचे दोन प्राणी पाळले आहेत. त्यांपैकीं एकाच्या मूत्राशयांत खडा झाला. पशुवैद्यांनीं शस्त्रक्रियेचा खर्च चौदा हजार सांगितला. जो प्राणी दुकानांतून सहाशें रुपयांस आणिला, त्याच्यासाठीं चौदा हजार मोजावे कीं काय, यावरून पतिपत्नींत तीन दिवस अबोला झाला. शेवटीं शस्त्रक्रिया झाली, प्राणी वांचला, आणि खर्च दागिन्यासाठीं लाविलेल्या भिशीच्या पैशांतून भागला. आतां त्या विचारतात कीं, दुसऱ्यावर अशीच वेळ आली तर काय करावें ? कुत्र्यामांजरांचा विमा निघतो असें कानावर आहे. तसा याचाहि उतरावा, कीं दरमहा कांहीं रक्कम बाजूस टाकीत जावें?

आमच्या पिढींतील पुष्कळांस हा प्रश्न पोरकटपणाचा वाटेल. आमच्या लहानपणीं गोठ्यांत गाय असे, मांजर आपोआप येई, आणि कुत्रें दाराबाहेर बसे. गाईसाठीं जाणता बोलावीत. मांजर आजारी पडलें तर माळ्यावर जाऊन बरें होई, नाहीं तर दिसेनासें होई. आज बोरिवलीस किंवा घाटकोपरास सातव्या मजल्यावरील दोन खोल्यांत गाय येत नाहीं, आणि कुत्रें आणावें तर त्यास दिवसांतून दोन वेळां खालीं नेणार कोण, या प्रश्नाशीं सारें अडतें. कारण घरचीं दोघेंहि सकाळीं आठाच्या लोकलनें कचेरीस जातात. मग मुलांची हौस पिंजऱ्यांत मावणाऱ्या जिवावर येऊन थांबते. त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु आमच्या घराण्यांतून वैश्वदेवाच्या वेळीं भूतयज्ञाचा बळि पडत असे, काकबळि ठेवीत असत, त्याहून हें निराळें आहे. एके दिवशीं आपण विसरलों तर कावळा शेजारच्या गच्चीवर जातो. पिंजऱ्यांतल्या जिवास दुसरी गच्ची नसते. त्याचें अन्न, पाणी, ऊन, वारा आणि औषध हीं सर्व आपल्याच हातून जावयाचीं. म्हणून हा प्रश्न आम्हीं सदरांत घेण्याजोगा मानिला.

प्रथम हा प्राणी कोण, हें ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. गिनीपिग हें नांव दोहों बाजूंनीं फसवें आहे. तो गिनी देशचा नव्हे, आणि डुक्कर तर नव्हेच. तो उंदरा-खारींच्या वर्गांतला, शेपटी नसलेला, सशाहून लहान असा शाकाहारी प्राणी. मूळ दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या मुलखांतला. तेथील लोक हजारों वर्षांपासून तो खाण्यासाठीं पाळीत आले आहेत. युरोपांत तो सोळाव्या शतकांत गेला, आणि पुढें प्रयोगशाळांच्या तावडींत सांपडला. १९०७ सालीं नॉर्वेंत होल्स्ट व फ्रोलिश या दोघां शास्त्रज्ञांनीं त्यास नुसत्या धान्यावर ठेविलें, तेव्हां त्यास खलाशांचा स्कर्व्ही हा रोग जडला. कारण मनुष्याप्रमाणेंच याच्याहि शरीरांत क जीवनसत्त्व तयार होत नाहीं. पुढें त्या जीवनसत्त्वाचा शोध लागला त्यांत या प्राण्याचा वांटा मोठा आहे. आपल्या हिरड्या शाबूत राहाव्या म्हणून ज्यानें आपल्या हिरड्या गमावल्या, त्याच्या औषधाचा हिशेब करतांना थोडी लाज बाळगावी, एवढें आम्हांस वाटतें. असो. त्याचें आयुष्य साधारण पांच ते आठ वर्षांचें.

आतां विम्याकडे वळूं. विमा या शब्दाभोंवतीं आपल्याकडे एक प्रकारची भाविकता जमली आहे. विमा उतरला कीं संकट टळलें, अशी कांहींशी समजूत दिसते. संकट टळत नाहीं. फक्त त्याचा पैशाचा भार अनेकांवर वांटला जातो. समजा, एक हजार घरांत एकेक प्राणी आहे, आणि वर्षांत त्यांतील शंभरांस दहा दहा हजारांचा खर्च येतो. एकूण खर्च दहा लाख. तो हजार घरांनीं वांटून घेतला तर प्रत्येकीं एक हजार. त्यावर कंपनीची कचेरी, दलालाचें वेतन, तपासनिसाची फेरी आणि भागधारकांचा नफा चढवा, म्हणजे हप्ता दीड हजारावर जातो. याचा अर्थ, शंभर घरांस मोठा लाभ, नऊशें घरांस कांहीं नाहीं, आणि सर्वांस मिळून दहा लाखांच्या खर्चासाठीं पंधरा लाखांचा भुर्दंड. हा जास्तीचा पैसा व्यर्थ जातो असें नव्हे. जें संकट घर बुडवील, त्याच्या धास्तींतून सुटण्यासाठीं तो देणें शहाणपणाचें आहे. घरांतील मिळवता मनुष्य गेला तर घर बुडतें. म्हणून आयुष्याचा विमा. १८७० सालीं मुंबईस बॉम्बे म्युच्युअल ही संस्था निघाली आणि तिनें हिंदी माणसाच्या जिवास जास्त हप्ता लावण्याची गोऱ्या कंपन्यांची चाल मोडली. १९१३ सालीं साताऱ्यास वेस्टर्न इंडिया ही विमाकंपनी निघाली. या संस्था १९५६ सालच्या राष्ट्रीयीकरणांत सरकारी महामंडळांत विलीन झाल्या, तरी ज्या गरजेसाठीं त्या निघाल्या ती खरी होती. महामंडळाच्या मुंबईंतील मुख्य कचेरीचें नांव 'योगक्षेम' आहे. योग म्हणजे जें नाहीं तें मिळविणें, आणि क्षेम म्हणजे मिळालेलें राखणें. दुकानांतून प्राणी आणण्यास एक दुपार पुरते. तो योग झाला. क्षेमाची गोष्ट तेथून पुढें सात वर्षें चालावयाची असते.

जनावरांचा विमाहि आपल्याकडे नवा नाहीं. शेतकऱ्याची गाय, म्हैस, बैल यांचा विमा सरकारी कंपन्या कित्येक दशकें उतरीत आल्या. तेथें हिशेब स्वच्छ असतो. म्हशीची बाजारांत किंमत आहे, ती दूध देते, ती मेली तर घराचें उत्पन्न बुडतें. तिच्या कानांत बिल्ला ठोकितात, आणि बिल्ला नसेल तर भरपाई नाहीं, असा नियम असतो. म्हणजे एकीचा विमा आणि दुसरीचा मृत्यु असा घोळ होत नाहीं. या विम्यांत औषधपाण्याचा खर्च मुळांत नसतो. असते ती मेलेल्या जनावराची किंमत. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण आपल्या वाचक भगिनींस जें हवें आहे तें याच्या अगदीं उलट आहे. त्यांस प्राण्याची किंमत नको आहे. ती अवघी सहाशें रुपये आहे. त्यांस तो जिवंत हवा आहे.

घरगुती प्राण्यांच्या औषधोपचाराचा विमा ही कल्पना परदेशची. स्वीडनमध्यें १९२४ सालीं कुत्र्याचा पहिला विमा उतरला असें सांगतात. अमेरिकेंत ती १९८२ सालीं आली, आणि तेथील पहिला विमा चित्रपटांतील प्रसिद्ध लॅसी कुत्रीच्या नांवें निघाला; जाहिरातीची कला त्या लोकांस शिकवावी लागत नाहीं. आपल्याकडे सरकारी कंपन्यांच्या यादींत कुत्र्याचें नांव पूर्वींपासून होतें. परंतु शहरी माणसाच्या डोळ्यांत भरेल अशी योजना त्या वेळच्या बजाज अलियान्झ कंपनीनें २०२० सालीं कुत्र्यांसाठीं काढिली. मागाहून दुसऱ्या कंपन्या आल्या, आणि मांजरांचाहि समावेश झाला. या योजनांत वयाची अट असते, लसी टोंचल्याचा दाखला लागतो, विमा घेतल्यापासून कांहीं दिवस आजाराची भरपाई मिळत नाहीं, आणि आधींपासून असलेला रोग वगळलेला असतो. एवढ्या अटी पाळूनहि कुत्रें बाळगणाऱ्यानें या विम्याचा विचार अवश्य करावा, असें आमचें मत आहे. कुत्र्याच्या मांडीचें हाड मोडलें तर खर्च मोठा येतो. आणि त्यानें जिन्यांत कोणास चावा घेतला तर जी भरपाई द्यावी लागेल तिचा अंदाज आधीं कोणासच करतां येत नाहीं. कांहीं योजनांत या दुसऱ्याच्या नुकसानीचीहि सोय असते.

गिनीपिग कोणास चावून न्यायालयांत खेंचीत नाहीं. आणि कुत्रें व मांजर यांच्यासाठीं लिहिलेल्या करारांत तो बसतहि नाहीं. कंपन्यांचें मन या प्राण्याकडे कां वळत नाहीं, हें पाहिलें म्हणजे विम्याचें सारें मर्म उकलतें. एक तर त्याची ओळख पटविणें कठीण. म्हशीच्या कानांत बिल्ला, कुत्र्याच्या कातडीखालीं तांदळाएवढी खुणेची चीप. पण दोन पांढरे-तपकिरी गिनीपिग शेजारीं शेजारीं ठेविले तर आमच्या नातवाशिवाय कोणीहि शपथेवर सांगूं शकणार नाहीं कीं यांतला 'लाडू' कोणता आणि 'चिवडा' कोणता. चार घरांत मिळून एकच विमा उतरावा आणि जो आजारी पडेल त्यासच लाडू म्हणावें, हा मोह एखाद्यास व्हावयाचाच. दुसरें असें कीं, दोन हजारांच्या मागणीची शहानिशा करण्यास अंधेरीहून तपासनीस पाठवावा तर त्याचाच खर्च दोन हजारांवर जातो. आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी : ज्याचा प्राणी ठणठणीत आहे तो विमा घेत नाहीं, ज्याचा कण्हतो आहे तो घेण्यास धांवतो, मग हप्ता वाढतो, निरोगी प्राण्यांचे धनी आणखी गळतात, आणि हप्ता पुन्हां वाढतो. मोठ्या संख्येनें लोक सामील झाले तरच ही गाडी चालते. अमेरिकेंत नेशनवाइड नांवाची कंपनी पक्षी, ससे, गिनीपिग यांचाहि विमा उतरते. आमचा एक पुतण्या न्यू जर्सींत राहतो. त्याच्या मुलींनीं दोन गिनीपिग पाळले आहेत. तेथें पशुवैद्याकडे नुसतें पाऊल टाकिलें तरी जी रक्कम पडते, ती ऐकून आमच्या सूनबाईंनीं कपाळास हात लाविला. ज्या देशांत एक शस्त्रक्रिया घराचें महिन्याचें अंदाजपत्रक उलथून टाकिते, तेथें विम्याचा हप्ता भरणारा मनुष्य वेडा ठरत नाहीं. पुतण्यास आम्हीं 'भर' असेंच लिहिलें.

परंतु मुलुंडच्या घरासाठीं आमचें उत्तर निराळें आहे. येथें उद्यां एखादी कंपनी असा विमा घेऊन दारीं आली तरीहि आम्ही बचतीच्याच बाजूचे राहूं. चौदा हजार ही रक्कम त्या घरास टोंचली हें खरें; तीन दिवसांचा अबोला हा कांहीं लहान खर्च नव्हे. तथापि त्या रकमेनें घर बुडालें नाहीं. जें नुकसान घर स्वतः पेलूं शकतें, त्यासाठीं दुसऱ्याच्या कचेरीचें भाडें आपण कां भरावें ?

आम्ही आमच्या वहीतले आंकडे देतों. ते एका घराचे आहेत, सर्वांचे नव्हेत. लाडू व चिवडा येऊन दोन वर्षें झालीं. आरंभींची तपासणी, सातशें. मग खरूज झाली, दोन फेऱ्या मिळून सोळाशें. गेल्या आश्विनांत चिवड्याच्या दाढा वाढून जिभेस टोंचूं लागल्या, त्या गुंगी देऊन घांसल्या, साडेचार हजार. त्यापुढें दहा दिवस पिचकारीनें भरवावयाचें चूर्ण व औषधें, बाराशें. एकूण आठ हजार. आम्हीं प्राणी येण्यापूर्वीं तीन हजार बाजूस ठेविले होते आणि पुढें दरमहा पांचशें टाकीत गेलों. म्हणजे जमा पंधरा हजार, खर्च आठ, शिल्लक सात. विम्याचा हप्ता भरला असता तर शिल्लक कंपनीची झाली असती.

या मार्गांत एक खरी उणीव आहे, आणि ती लपवून ठेवणें बरें नव्हे. विमा पहिल्या दिवसापासून, निदान अटीचे दिवस संपल्यापासून, पुरा भरलेला असतो. बचत थेंबाथेंबानें भरते. प्राणी आणून दुसऱ्याच महिन्यांत तो अडला तर पेटींत पांचशें रुपये असतात आणि समोर चौदा हजारांचा कागद असतो. यावर उपाय एकच : पिंजऱ्याच्या आधीं पेटी. मुलानें हट्ट धरला कीं प्रथम पांच हजार रुपये, आणि दोन प्राणी घ्यावयाचे तर आठ हजार, वेगळे काढावे. आणि ते निघेपर्यंत दुकानाची पायरी चढूं नये. सहा महिने लागले तर लागूं द्यावे. तेवढ्या काळांत हट्ट विरला तर सर्वांचेंच कल्याण झालें. विरला नाहीं तर तो हट्ट नव्हता. आणि एवढी रक्कम वेगळी काढणें ज्या घरास खरोखरीच जड आहे, तेथें मुलास स्पष्ट सांगावें कीं आज आपल्यास हें परवडत नाहीं. तसें सांगण्यांत कांहीं कमीपणा नाहीं.

पैसे ठेवावे कोठें, यांतहि थोडी गंमत आहे. भिशींतून भागविणें सोयीचें दिसतें, परंतु भिशीचा नंबर चिठ्ठीवर लागतो, आजारावर लागत नाहीं. वाचक भगिनींचा नंबर त्याच महिन्यांत लागला हा दैवयोग. टपाल कचेरीची आवर्ती ठेव आम्हां शिक्षकांची आवडती. दरमहा शंभर रुपयांपासून भरतां येते. पण तिची मुदत पांच वर्षांची, आणि मुदतीपूर्वीं बंद करावयाची तर तीन वर्षें तरी थांबावें लागतें. ज्या प्राण्याचें आयुष्यच पांचसात वर्षांचें, त्याच्या आजारास तीन वर्षें थांब म्हणून कोण सांगणार ? तेव्हां साधें बचत खातें बरें. व्याज थोडें मिळेल, पण रविवारीं रात्रींहि पैसे हातीं येतील. खातें घरखर्चाच्या खात्याहून निराळें असावें, नाहीं तर गणपतींत त्याची कढी होते.

या बाबतींत श्रीमंतांचें उदाहरण सहसा देऊं नये, पण एक द्यावेंसें वाटतें. रतन टाटा २०२४ च्या आक्टोबरांत वारले. त्यांच्या मृत्युपत्रांत घरच्या पाळीव प्राण्यांसाठीं बारा लाख रुपयांचा निधि ठेवून त्यांतून दर तिमाहीस रक्कम द्यावी अशी योजना असल्याचें पुढें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. ज्यांच्या उद्योगसमूहाच्या नांवावर विमाकंपन्या आहेत, त्यांनींहि आपल्या मुक्या सोबत्यांसाठीं गांठीला पैसा बांधून ठेविला.

आतां गांठीचा पैसा जितका महत्त्वाचा, तितकेंच तो गांठींतून न सुटूं देणें महत्त्वाचें. गिनीपिगाचे पुष्कळसे आजार पिंजऱ्यांतून नव्हे, स्वयंपाकघरांतून येतात. त्याचे दांत जन्मभर वाढत असतात आणि ते झिजावयाचे तर वाळलेलें गवत दिवसरात्र समोर पाहिजे. दुकानांतील रंगीत दाणे हें त्याचें अन्न नव्हे. देवळाबाहेर गाईसाठीं पेंढ्या विकणाऱ्या बाईकडून हिरवा चारा आणण्याची अनेक घरांत रीत पडली आहे. ती पेंढी लसूणघासाची असेल तर तो गाईस उत्तम. परंतु त्यांत चुना फार, आणि मोठ्या वयाच्या गिनीपिगास तो रोज घातला तर मूत्राशयांत खडा होण्यास मदत होते. पालक रोज घालण्यासहि आमचे पशुवैद्य नाहीं म्हणतात. क जीवनसत्त्वासाठीं ढोबळ्या मिरचीची फोड आणि चार काड्या कोथिंबीर रोज दिली, अधूनमधून पेरूची लहान चकती दिली, कीं बाजारी थेंबांची गरज राहत नाहीं. आषाढ-श्रावणांत मुंबईच्या दमट हवेंत गवतास बुरशी धरते. तें डब्यांत बंद ठेवावें आणि वास घेऊन मग घालावें. वैशाखांत व आक्टोबरांत पश्चिमेच्या खिडकीपाशीं पिंजरा ठेवणें म्हणजे त्यास भट्टींत ठेवणें होय. तिशीच्या वर पारा गेला कीं हा पर्वतावरचा जीव धापा टाकूं लागतो.

आणखी एक गोष्ट बायाबापड्यांच्या संकोचामुळें कोणी विचारीत नाहीं, म्हणून आम्हीच सांगतों. 'दोन्ही माद्या आहेत' असें दुकानदारानें सांगितलें तरी पशुवैद्याकडून खात्री करून घ्यावी. नर-मादी एकत्र राहिलीं तर साठ-सत्तर दिवसांत पिंजऱ्यांत पाळणा हालतो. आणि मादी सातआठ महिन्यांची होईपर्यंत तिची एकहि वीण झाली नसेल, तर तिच्या कटीचीं हाडें जुळून येतात. त्यानंतरची पहिली वीण तिच्या जिवावर बेतूं शकते. या एका चौकशीचे पांचशें रुपये पुढचे पंधरा हजार वांचवितात. मात्र दोन नको म्हणून एकटाच ठेवूं नये; हा कळपांतला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्यें २००८ सालच्या नियमांनीं त्यास एकटें पाळण्यास मनाई आहे, आणि त्या नियमावर हंसणाऱ्यांनीं एकटा गिनीपिग आठ दिवस पाहावा.

आजार लपविणें हा या प्राण्याचा जातिस्वभाव आहे. जो दुबळा दिसतो त्यास रानांत शिकारी प्रथम उचलतो. म्हणून दर रविवारीं सकाळीं स्वयंपाकघरांतील कांट्यावर त्याचें वजन करून वहींत लिहावें. हें काम मुलाकडे द्यावें, त्यास दशांशहि येऊं लागतील. पूर्ण वाढलेल्याचें वजन सातशें ते बाराशें ग्रॅमपर्यंत असतें. एका आठवड्यांत पन्नास-साठ ग्रॅम उतरलें तर वाट पाहूं नये; आणि एक दिवस तोंडांत कांहीं घेतलें नाहीं तर रात्र उलटूं देऊं नये. पशुवैद्य निवडतांना, आपण गिनीपिग पाहतां काय, असें आधीं सरळ विचारावें. आपल्याकडील बहुतेक पशुवैद्यांचा हात गाईम्हशींवर व कुत्र्यांवर बसलेला असतो. कुत्र्यास सर्रास देतात तीं पेनिसिलिनच्या घराण्यांतील औषधें या प्राण्यास तोंडावाटे दिलीं, तर आंतड्यांतील उपयोगी जंतु मरून तो दगावूं शकतो. मुलुंड-ठाण्यास कोण, अंधेरी-बोरिवलीस कोण, हें नांव प्राणी धडधाकट असतांनाच शोधून दारामागें लिहून ठेवावें.

येथवर हिशेब झाला. परंतु भगिनींच्या घरांतला तीन दिवसांचा अबोला हिशेबामुळें झाला नव्हता. पति म्हणाले, 'नवा आणूं.' कन्या म्हणाली, 'मी आजारी पडलें तर ?' या दोन वाक्यांमध्यें कोणतीहि विमाकंपनी उभी राहूं शकत नाहीं. पति कठोर आहेत असें आम्हांस वाटत नाहीं. घरभाडें, शाळेची फी आणि वृद्ध आईचें औषध ज्याच्या पगारांतून जातें, त्यास चौदा हजारांचा आंकडा कसा दिसतो हें आम्ही जाणतों. आणि कन्येचा प्रश्नहि अन्यायाचा नाहीं. दुकानांत प्राण्याची किंमत असते. घरांत आल्यावर त्याची किंमत राहत नाहीं, त्याचें देणें लागतें. मात्र देण्यासहि मर्यादा असते, आणि ती मर्यादा पशुवैद्याच्या बांकावर बसून, हातांत कण्हणारा जीव असतांना ठरवूं नये. ती आधीं, एखाद्या निवांत संध्याकाळीं, मुलास जवळ बसवून ठरवावी : पेटींत जितकें असेल तितकें निःशंक खर्च करावयाचें, त्यावर घरखर्चांतून अमुक इतकें घालावयाचें, त्यापलीकडे कर्ज काढावयाचें नाहीं. नऊ वर्षांच्या मुलीस हें समजतें. न समजणारी गोष्ट म्हणजे आई एक म्हणते आणि बाबा दुसरें म्हणतात.

आणि मर्यादा संपली, अथवा पशुवैद्यांनींच मान हालविली, तर ? येथें आमच्या कांहीं वाचकांस आमचें मत रुचणार नाहीं. असाध्य वेदना भोगणाऱ्या प्राण्यास सुईनें शांतपणें मरूं देणें म्हणजे हिंसा, म्हणून त्यास पिंजऱ्यांत तसाच ठेवावयाचा आणि त्याच्या कण्हण्याकडे पाठ करून जप करावयाचा, यास आम्ही अहिंसा म्हणत नाहीं. आपल्या हातास पाप लागूं नये एवढीच काळजी तींत आहे. प्राण्याची काळजी तींत नाहीं. या अखेरच्या फेरीचाहि खर्च पेटींत धरलेला असावा.

मुक्या जिवांसाठीं सर्वांनीं मिळून भार उचलण्याची रीत या शहरास विम्याच्या किती तरी आधींपासून ठाऊक आहे. १८३२ सालीं सरकारनें मोकाट कुत्रीं मारण्यास प्रारंभ केला तेव्हां पारशी मंडळी रस्त्यावर उतरली. त्यानंतर दोन वर्षांनीं, १८३४ सालीं, जमशेटजी जीजीभाई व शेट मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें भुलेश्वराकडे पांजरापोळ उभी राहिली. पुढें परळास सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नांवाचें जनावरांचें इस्पितळ झालें, आणि १८८६ सालीं परळासच पशुवैद्यकाचें महाविद्यालय निघालें. महालक्ष्मीस टाटांच्या न्यासांनीं २०२४ सालीं लहान प्राण्यांसाठीं पांच मजली रुग्णालय उघडलें. या सोयी दानाच्या पैशांतून झाल्या आहेत.

आमच्या घरीं त्या खात्यास नातवानें 'गंगाजळी' हें नांव दिलें आहे. शब्द त्यानें बँकांच्या बातम्यांत ऐकिला होता. त्यास आम्हीं देवघरांतील तोंड बंद केलेला तांब्याचा लहान गडू दाखविला. आमच्या आईनें तो काशीहून आणिला होता. घरांत कोणाचा शेवट आला म्हणजेच तो फोडावयाचा. नातवानें पुष्कळ विचार केला आणि विचारिलें, 'मग आपली गंगाजळी आधींच कां फोडली ? चिवड्याच्या तर नुसत्या दाढा होत्या.' आम्हीं सांगितलें कीं ही गंगाजळी त्यासाठींच आहे. दोघे प्राणी गेल्यावर शिल्लक राहिली तर तिचें काय करावयाचें, हें मात्र त्यानें आधींच ठरविलें आहे : अर्धी परळच्या इस्पितळास, आणि अर्धी क्रिकेटच्या बॅटीस. बॅटीचा वांटा वाढविण्याची त्याची खटपट चालू आहे; आजीनें अद्याप दाद दिलेली नाहीं.